जीव वाचला, पण जेल टळेल का?

गोंदिया जिल्ह्यात काठी नसलेलं घर शोधून दाखवा. दाराआड काठी, ओसरीवर कुऱ्हाड, बांधीवर विळा असतोच. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलकाठाला तर आजोबांच्या भरमार बंदुकीची एखादी गोष्ट प्रत्येक घरात निघते. मोहफुलं वेचायला जाताना किंवा धानाची राखण करताना हाताशी काहीतरी असावं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते पुढचं. हत्यार कधी उचलायचं, कधी खाली ठेवायचं आणि उचललंच तर नंतर काय करायचं? माणूस सहसा पहिल्या घावाला फसत नाही. फसतो तो तिसऱ्या-चौथ्याला, नाहीतर घाव घालून झाल्यावरच्या शहाणपणाला.

म्हणून हा मसाला. अर्धा कायद्याचा, अर्धा अकलेचा.

कलमांचे नंबर बदलले, भानगडी त्याच

‘स्वसंरक्षणासाठी खून माफ’ हे वाक्य पानटपरीवर हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. जुन्या पुस्तकातली ९६ ते १०६ ही कलमं नव्यात ३४ ते ४४ झाली. मजकूर मात्र जवळपास तोच राहिला, मेकॉलेसाहेबाच्या मसुद्यातून आलेला. त्या मसुद्यासोबतच्या टिपणीत एक गमतीची गोष्ट आहे. इथले लोक फार सोसतात, त्यांच्यावर जास्त बंधनं घालण्यापेक्षा त्यांना थोडं धीट होऊ द्यावं, असा त्या साहेबलोकांचा सूर होता. म्हणजे स्वतःला वाचवण्याचा हक्क इंग्रजाने हात राखून दिलेला नाही, बऱ्यापैकी सढळ हाताने दिला आहे.

हा हक्क फक्त स्वतःपुरता नाही. रस्त्यात अनोळखी बाईवर कुणी कुऱ्हाड उगारली, तर तिला वाचवायलाही तो आहे. वेडाच्या भरात अंगावर आलेला माणूस कायद्याच्या नजरेत गुन्हेगार नसला, तरी त्याच्यापासून स्वतःला वाचवायचा आपला हक्क पूर्ण शाबूत. मोहाची चढवून आलेल्याचंही तेच. ‘तो शुद्धीत नव्हता’ ही अडचण त्याच्या वकिलाची, आपली नाही.

सात कारणं, आठवं नाही

समोरच्याचा जीव गेला तरी चालेल इतका मोठा हक्क कधी मिळतो? कलम ३८ मध्ये कारणं मोजून दिली आहेत. मरणाची भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी पोलिसांपर्यंत पोचताच येणार नाही अशा तऱ्हेने डांबून ठेवणं, आणि ॲसिड हल्ला. शेवटचं कारण २०१३ साली जोडलं गेलं.

यादीत काय नाही तेही बघा. आईवरून दिलेली शिवी नाही. जुनं वैर नाही. ‘त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं’ तर अजिबात नाही.

जबर दुखापत म्हणजे काय, तर नुसता दात पडला किंवा हाड मोडलं तरी ती जबर. पूर्वी माणूस वीस दिवस वेदनेने कामाला मुकला तर दुखापत जबर धरायचे, नव्या कायद्याने ते पंधरा दिवसांवर आणलं.

चोराच्याही वेळा पाळाव्या लागतात

मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम ४१ मध्ये आहे आणि त्यात चारच दारं आहेत: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग किंवा स्फोटकं लावणं, आणि मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी, नासधूस किंवा घरात घुसखोरी. दिवसाढवळ्या कोंबडी पळवणारा यातल्या एकाही दारातून आत येत नाही. त्याला धरा, पोलीस पाटलांना बोलवा. कुऱ्हाड ओसरीवरच राहू द्या.

आणि रात्रीचा चोर असला तरी कलम ३७ ची अट डोक्यावर आहेच: वाचण्यासाठी लागेल तेवढंच, त्याहून जास्त नाही. चोर भिंतीवरून उडी मारून पळाला की घरफोडी संपली. त्यामागे धावत बांधीत गाठून पाठीत घातलेला घाव हा बचाव उरत नाही.

इंग्लंडातल्या नॉरफोकमध्ये १९९९ च्या ऑगस्टमध्ये असंच काहीसं झालं. टोनी मार्टिन नावाच्या एकट्या राहणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात रात्री चोर शिरले. त्याने शॉटगन झाडली, सोळा वर्षांचा मुलगा गेला. ज्युरीने खून धरला. अपिलात तो सदोष मनुष्यवधावर आला, तोही स्वसंरक्षण मान्य झालं म्हणून नाही, त्याच्या मानसिक अवस्थेमुळे. वर त्या बंदुकीचा परवानाही नव्हता. इंग्लंडातले कित्येक लोक त्याच्यासाठी हळहळले, पण तुरुंगाचं दार काही हळहळीने उघडलं नाही.

नागपूरच्या न्यायमूर्तींचा तराजू

आता आपल्या भागातला हिरा. १९५० साली गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग, राज्य मध्यप्रदेश आणि हायकोर्ट नागपूरचं. त्याच हायकोर्टाच्या हद्दीत कटनी. ५ मार्च १९५० ला तिथे दंगल उसळली. अमजद खान नावाच्या दुकानदाराच्या इमारतीत जमाव घुसला, एका भागात लूट सुरू झाली आणि ज्या भागात त्याच्या घरची माणसं होती त्याच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. त्याने बंदूक चालवली. एक जण ठार झाला, काही जखमी झाले. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, नागपूर हायकोर्टाने ती कायम केली.

सुप्रीम कोर्टात निकाल लिहिला व्हिव्हियन बोस यांनी. हे स्वतः नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दार तुटेपर्यंत आणि जमाव बायकामुलांपर्यंत पोचेपर्यंत त्याने थांबायला हवं होतं का? अशा घडीला माणूस काय करतो ते सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही. अमजद खान निर्दोष सुटला. १९५२ चा हा निकाल आजही स्वसंरक्षणाच्या खटल्यांत वकील काढतात.

याचा जोडीदार निकाल १९७३ चा, देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश. समोर लाठ्या, आरोपीच्या हातात भाला. हायकोर्ट म्हणालं, लाठीला भाल्याने उत्तर कसं देता? सुप्रीम कोर्ट म्हणालं, लाठी डोक्यात बसली तर माणूस मरतो, आणि ती बसेपर्यंत वाट बघायला कायदा सांगत नाही. तेव्हा ‘त्याच्याकडे काठी होती, तू कुऱ्हाड का घेतलीस’ या प्रश्नाला उत्तर आहे. ‘तो खाली पडल्यावर आणखी चार का घातलेस’ याला नाही.

२०१० चा दर्शनसिंग निकालही ध्यानात ठेवण्यासारखा. हल्ला झाल्यावर भेकडासारखं पळून जायलाच हवं अशी अपेक्षा कायदा करत नाही, हे त्यात पुन्हा स्पष्ट झालं. पण खालची ओळ लोक वाचत नाहीत: पोलिसांची मदत मिळवायला वेळ होता, तर हक्क नाही. सकाळी धमकी मिळाली आणि संध्याकाळी पाच जण काठ्या घेऊन धमकी देणाऱ्याच्या घरी गेले, तर त्याला चढाई म्हणतात.

वाघ समजून

नागपूर हायकोर्टाचाच १९५२ चा आणखी एक निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. चिरंगी नावाच्या लोहाराने कुऱ्हाडीने एका वाघावर वार केले. भ्रम उतरल्यावर कळलं की तो त्याचा एकुलता एक मुलगा होता. दुखण्यामुळे त्याला तात्पुरता भ्रम झाला होता आणि समोर वाघच आहे असं त्याला खरोखर वाटलं होतं, हे कोर्टाने मान्य केलं आणि त्याला दोषी धरलं नाही. कायद्यातून तो सुटला. पुढचं त्याचं आयुष्य कसं गेलं असेल, ते निकालात नसतं.

ओरिसातल्या एका ओसाड विमानतळावर नेपाळी नोकराने रात्री भुतं दिसली म्हणून खुकरी चालवली, ती मोहफुलं वेचणाऱ्या बायांवर पडली. तोही सुटला. पण या निकालांवर भरवसा ठेवून अंधारात कुऱ्हाड फिरवू नका. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस २०१३ मध्ये ‘चोर शिरला असं वाटलं’ म्हणत बंद दारातून गोळ्या झाडून बसला. दाराआड त्याची मैत्रीण होती. अपिलात तो खुनाचा दोषी ठरला.

म्हणून डावपेचाचा पहिला नियम, आणि तो फुकट आहे: आधी टॉर्च, आधी हाक, मग हत्यार. रात्री खुडबुड झाली की घरातली माणसं मोजा. अंगणात उभा असलेला माणूस लघवीला उठलेला तुमचाच सासरा असू शकतो.

एक ठाम गोष्ट इथेच सांगायला हवी. ‘तो जादूटोणा करतो, त्याने आमचं मूल खाल्लं’ हे स्वसंरक्षण नाही. ज्याला माणूस म्हणून ओळखता त्याला करणी करणारा ठरवून मारलं तर तो खूनच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर एखाद्यावर असा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं हादेखील गुन्हा आहे.

खरा वाघ आला तर?

गोंदियात हा प्रश्न पुस्तकी नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच्या कडेची गावं सकाळी शेताकडे जाताना पाऊलखुणा बघतात. वन्यजीव कायदा १९७२ चं कलम ११(२) सांगतं की स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मारला किंवा जखमी केला तर तो गुन्हा नाही. वाघ असला तरी.

पण त्याला दोन शेपट्या आहेत. पहिली: त्या क्षणी तुम्ही स्वतःच वन्यजीव कायदा मोडत असाल, म्हणजे फासे लावायला किंवा शिकारीला गेला असाल, तर ही ढाल मिळत नाही. दुसरी लोकांना हसवते: बचावात मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता. नख, मिशी, कातडं काही घरी न्यायचं नाही. रानडुक्कर अंगावर आलं, मारलं, आणि मग गावात वाटे पडले, की पहिली गोष्ट माफ आणि दुसरी गुन्हा!

अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाणं हाही वेगळा गुन्हा. त्याच कायद्याचं कलम ३४ तर परवानाधारकांनाही ठाऊक नसतं. अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकवाल्याने वनविभागाकडे नाव नोंदवायचं असतं, आणि तिथे नवा बंदूक परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीवाचून मिळत नाही. नकाशावर नागझिरा आणि नवेगावभोवती दहा किलोमीटरचं कडं काढून बघा, किती गावं येतात ते.

अस्वलाबद्दल एवढंच: मोहाच्या दिवसांत झाडाखाली तुम्ही पोचता त्याच्या आधी ते पोचलेलं असतं. उजाडायच्या आत, एकट्याने, गुपचूप जाऊ नका. बोलत, आवाज करत, चार जणांनी जा. हातातल्या कुऱ्हाडीपेक्षा तोंडातली बडबड जास्त कामाची.

तारेत करंट: हा बचाव नाही, सापळा आहे

धान राखायला शेताभोवती तार ओढायची आणि रात्री खांबावरून आकडा टाकायचा. पूर्व विदर्भात या प्रकाराने डुकरं मेली, वाघ मेले आणि माणसंही मेली. शेजारी पाणी बघायला येतो, कधी घरचाच माणूस विसरून जातो. इथे वाद घालायला जागाच नाही. तारेला समोर कोण आहे ते दिसत नाही, लागेल तेवढंच बळ वापरता येत नाही, धोका टळल्यावर थांबता येत नाही. स्वसंरक्षणाच्या सगळ्या अटी ती एका झटक्यात मोडते. माणूस गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा, वाघ गेला तर वन्यजीव कायदा, आणि वीजचोरी ती वेगळीच.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका जोडप्याने पडक्या घरातल्या जुन्या वस्तू चोरीला जातात म्हणून दाराला शॉटगन बांधली. दार उघडलं की गोळी. चोराचा पाय गेल्यात जमा झाला. चोराने उलट दावा लावला आणि १९७१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो जिंकवला. तीस हजार डॉलर भरपाई! रिकाम्या घरातल्या जुन्या बाटल्या-बरण्यांपेक्षा माणसाचा पाय मोठा, असा हिशेब. चोराला भरपाई मिळाली याचा राग येतो, मलाही येतो. पण निकाल बरोबर आहे.

डुकरांचा त्रास खरा आहे, नुकसान खरं आहे. त्यासाठी पंचनामा, भरपाईचा अर्ज आणि वनविभागाची परवानगी हा कंटाळवाणा रस्ता आहे. कंटाळवाणा असला तरी तो घरी परत येतो.

धुऱ्यावरची लढाई

फौजदारी खटल्यांची खरी नर्सरी म्हणजे धुरा. वीतभर जमीन, दोन भाऊ, चार काठ्या. दोन्हीकडचे तयारीने आले आणि खुली मारामारी झाली, तर सहसा कुणालाच स्वसंरक्षणाचा आधार मिळत नाही. ज्याने जे केलं ते त्याच्या नावावर. ‘आधी त्याने मारलं’ हे दोघंही सांगतात.

दुसरी चूक सात-बाऱ्याची. नाव तुमचं, पण वहिवाट कित्येक वर्षं दुसऱ्याची, तर माणसं घेऊन बळाने ताबा घ्यायला जाणारा तुम्हीच हल्लेखोर ठरता. स्थिरावलेल्या ताब्याचं संरक्षण करायचा हक्क ताबेदाराला आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९६८ च्या मुन्शी राम आणि १९७५ च्या पूरणसिंग निकालांत सांगितलं. पेरणीच्या आदल्या रात्री शिरलेल्या घुसखोराला मात्र हे संरक्षण नाही. जमिनीचं भांडण तहसीलदार आणि दिवाणी कोर्टाचं. वर्षं जातात, मान्य. पण खुनाच्या खटल्यातही जातात, आणि ती आत बसून.

कुणाच्या हातात काय

परवान्याची बंदूक भाच्याला ‘जरा शेतात जाऊन ये’ म्हणून दिली, तर भाचा विनापरवाना शस्त्राच्या गुन्ह्यात आणि मामा परवान्याच्या अटी मोडल्याच्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगायची शिक्षा किमान दोन वर्षं, कमाल पाच. परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, तेवढाच दिलासा. आजोबांची भरमार माळ्यावर सापडली, तर ती आठवण नसते, विनापरवाना शस्त्र असतं. ती ठाण्यात जमा करा.

लग्नात हवेत बार? त्याला आता स्वतंत्र कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘घाबरवायला हवेत झाडली’ यातही गोम आहे. वर गेलेली गोळी खाली येते. शिवाय हवेत झाडायला वेळ होता, तर जिवावर आलं होतं कुठे, असा प्रश्न सरकारी वकील विचारणारच.

पात्याचंही माप आहे. शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची घातक हत्यारं येतात. घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून बांधीतला विळा अवजार, आणि तोच विळा रात्री अकराला बाजार चौकात कमरेला खोचला, की पोलीस त्याकडे वेगळ्या नजरेने बघणार. सणासुदीला आणि निवडणुकीत जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश काढतात. त्यात काठ्या, सोटे, गोळा केलेले दगडसुद्धा येऊ शकतात.

मिरचीच्या स्प्रेचं काय? पर्समध्ये ठेवा, हरकत नाही. पण २०२४ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने एका भांडणात वापरलेल्या पेपर स्प्रेला घातक हत्यार मानलं. जिवाला धोका नव्हता, मग वापरला कशाला, हा त्यांचा मुद्दा. भिवापुरी तिखटालाही तोच नियम लागेल.

गाव जागं आहे, पण शुद्धीत आहे का?

चोरांच्या अफवा आल्या की रात्री पहारे लागतात. चांगलंच आहे. पोलीस अधिनियमात ग्रामरक्षक दलाची सोय आहे, पोलिसांमार्फत ते उभं करता येतं. धोका अफवेत असतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक. दोन्हीकडे मारणाऱ्यांना आपण गाव वाचवतो आहोत असंच वाटत होतं. दहा जणांनी घेरलेला माणूस कुणाच्या जिवाला धोका असतो? त्याला बसवून ठेवा, पाणी द्या, पोलिसांना बोलवा.

घाव घातल्यानंतरची दहा मिनिटं

खटले इथे हरले जातात. माणूस घाबरतो आणि चारही उलट्या गोष्टी करतो: कुऱ्हाड विहिरीत टाकतो, कपडे धुतो, पाहुण्यांच्या गावी पळतो, आणि पोलिसांना सांगतो ‘मी तिथे नव्हतोच’. स्वसंरक्षणाचा बचाव आरोपीने नेमका मांडला नाही तरी पुराव्यातून दिसला तर कोर्ट विचारात घेऊ शकतं, हे मुन्शी राम निकालातच आहे. पण ‘नव्हतोच’ आणि ‘जीव वाचवायला मारलं’ ही दोन्ही वाक्यं एका तोंडून आली की कोर्टाचा विश्वास कशावर बसणार?

सिद्ध करायचा भार आरोपीवरच असतो, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८. फक्त सरकारी पक्षाइतकं पक्कं सिद्ध करावं लागत नाही, पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं. ते झुकतं कशाने? तुमच्या अंगावरच्या जखमांनी. म्हणून खरचटलं असलं तरी सरकारी दवाखान्यात जा आणि जखमांची नोंद करवून घ्या. १९७६ च्या लक्ष्मीसिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकारी पक्षाने केला नाही, तर त्यांच्या गोष्टीवर शंका येते. जखमेची चिठ्ठीच नसेल, तर खुलासा मागणार कशाचा?

वस्तू कशा उलट्या बोलतात त्याचा नमुना नानावटी खटल्यात आहे. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदल अधिकारी नानावटींनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं, प्रेम आहुजाच्या घरी गेले आणि तीन गोळ्या सुटल्या. बचाव असा होता की झटापटीत सुटल्या. पण आहुजाच्या कमरेला नुसता टॉवेल होता आणि झटापट होऊनही तो जागचा हलला नव्हता! सुप्रीम कोर्टाला ते पटलं नाही. टॉवेलाने जन्मठेप पक्की केली म्हणा ना.

हद्द ओलांडली पण सद्भावनेने, आधी काही न ठरवता, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो, म्हणजे फाशी नाही. तरी कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं. ‘माफ’ आणि ‘थोडं कमी’ यातला फरक बहुधा शेवटच्या दोन घावांचा असतो.

आणि मोबाईल! ‘येऊ दे, जिवंत सोडत नाही’ असं स्टेटस महिनाभर आधी ठेवणारा आपल्याच हाताने सरकारी वकिलाचं काम करतो. घडल्यावर गटात आवाजी संदेश टाकणारा त्याहून मोठा. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण चुलतभावाला पाठवलेली चालते.

तेव्हा, मंडळी, संकट आलं तर आधी दार लावा, आवाज करा, ११२ फिरवा. जंगली जनावर असेल तर वनविभागाचा १९२६. हत्यार चाललंच तर ते तिथेच ठेवा, जखमीला दवाखान्यात पोचवायची सोय करा आणि पहिला फोन तुमचाच जाऊ द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, बायकांना तर उत्पन्नाची अटही नाही. त्यांचा नंबर १५१००. हे तीन नंबर आज रात्रीच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टाका, आणि घरी परवान्याची बंदूक असेल तर परवान्यावरची तारीख बघून घ्या.